दोन निवृत्तींच्या मधली वर्षे



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्या परंपरेतल्या व्यासपीठांवरून राजकारण, इतिहास, धर्म आणि साहित्य यांवर पुष्कळ बोलले गेले. त्या मानाने आजचा आमचा विषय घरगुती वाटेल. नोकरी करणाऱ्या स्त्रीने निवृत्त होण्याच्या आधीच आपल्या प्रकृतीकडे पाहिले पाहिजे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. हा विषय फक्त भगिनींचा आहे असे समजून बंधूंपैकी कोणी उठून जाऊ नये. घरातील कर्त्या बाईने अंथरूण धरले की चुलीपासून शेतापर्यंत काय काय थांबते, ते पुरुषांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आमच्या ओळखीच्या शिक्षिका, परिचारिका, कचेरीत काम करणाऱ्या बायका आणि हमरस्त्यालगतच्या कारखान्यांत आठ आठ तास उभ्या राहणाऱ्या बायका यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते. ‘एकदा रिटायर होऊ दे, मग बघते स्वतःकडे.’ गुडघा दुखतो, निवृत्तीनंतर बघू. पाळीला फार जाते, निवृत्तीनंतर बघू. डोळ्यांपुढे अंधारी येते, मुलीचे लग्न होऊ दे, मग बघू. ऐकताना हे वाक्य मोठे समंजस वाटते. कर्तव्य आधी आणि आपण नंतर, असा त्याचा भाव आहे. तथापि हा हिशेब मुळातच चुकलेला आहे असे आमचे म्हणणे आहे. तो कसा चुकला ते पाहू.

आपल्या भाषेत ‘निवृत्ती’ हा शब्द दोन ठिकाणी येतो. एक सेवानिवृत्ती. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक नोकऱ्यांत ती ५८व्या वर्षी येते, चतुर्थ श्रेणीत ६०व्या. दुसरी रजोनिवृत्ती, म्हणजे पाळी जाणे. आपल्या देशातील स्त्रियांत ती सरासरीने ४६-४७ वर्षांच्या सुमारास येते. पहिल्या निवृत्तीचा हुकूम लेखी येतो. शाल-श्रीफळ मिळते, चार लोक भाषणे करतात. दुसरी मुकाट्याने येते आणि तिच्याविषयी घरात कोणी चकार शब्द काढीत नाही. या दोन निवृत्तींच्या मध्ये दहा-बारा वर्षांचे अंतर आहे, आणि स्त्रीच्या म्हातारपणाचा पाया बराचसा याच अंतरात घातला जातो.

याचे कारण साधे आहे. पाळी चालू असेतो शरीरात जे स्त्रीसंप्रेरक तयार होते, ते हाडांची राखण करते. पाळी गेली की ते आटते, आणि पुढील पाच-सात वर्षांत हाडे जितक्या वेगाने विरळ होतात तितक्या वेगाने ती आधी कधी झालेली नसतात. याच काळात रक्तदाब चढू लागतो, साखर वाढू लागते आणि हृदयविकाराचे भय पुरुषांच्या बरोबरीला येऊ लागते. यांतले काहीच बोंब मारीत येत नाही. विरळ झालेले हाड मोडेपर्यंत दुखत नाही. चढलेला रक्तदाब अनेकदा पक्षाघाताच्या दिवशीच पहिल्यांदा कळतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचेही तसेच. पेशींत पहिला बदल झाल्यापासून प्रत्यक्ष रोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. त्या काळात तपासणी झाली तर लहानशा उपचारावर भागते, आणि तो काळ निघून गेला तर मोठ्या इस्पितळांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून ‘निवृत्तीनंतर बघू’ असे म्हणणारी बाई आपली काळजी केवळ पुढे ढकलते असे नव्हे. जे त्या दहा वर्षांतच करावयाचे असते, त्याची वेळच ती गमावून बसते. पेरणी मृगात करावयाची, ती दिवाळीत करून कसे चालेल?

आता कोणी म्हणेल की आमच्या आज्या कुठे दवाखान्यात जात होत्या? दळण, कांडण, पाणी, शेत, सारे करून त्या नव्वद वर्षे जगल्या! हा आक्षेप आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की त्याला उत्तर देणे भाग आहे. १९५१च्या जनगणनेच्या सुमारास या देशातील माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७०च्या घरात आहे. जुना आकडा इतका खाली होता तो मुख्यतः बालमृत्यूंमुळे, हे खरे. परंतु बाळंतपणात गेलेल्या आणि क्षयाने गेलेल्या स्त्रियाही त्यात आहेत. नव्वद वर्षे जगलेली आजी आपल्याला आठवते, कारण ती आठवण ठेवण्याजोगी जगली. तिच्या दोन जावा आणि एक बहीण पंचविशी-तिशीत गेल्या. त्यांचे फोटोही घरात नसतात. जी वाचली तिच्याकडे बोट दाखवून जी गेली तिला विसरणे हा काही न्याय नव्हे.

शिवाय आज मामला उलटा झाला आहे. साठीला पोहोचलेल्या भारतीय स्त्रीपुढे सरासरीने अजून सुमारे १८ ते २० वर्षांचे आयुष्य असते. ही वीस वर्षे देवदर्शनाला जाण्यात, नातवंडांत, वाचनात जावयाची की खाटेवर पडून सुनेच्या तोंडाकडे पाहण्यात, एवढाच प्रश्न आहे. पेन्शनचा पैसा आपण तीस वर्षे आधीपासून थोडा थोडा कापून ठेवतो. ५८व्या वर्षी एकदम फंड भरीन असे कोणी म्हणत नाही. मग शरीराच्या बाबतीतच हा उशीर का?

या गावाजवळचेच एक उदाहरण देतो. आपल्या खंडाळा तालुक्यातले नायगाव येथून काही मैलांवर आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले तेथे जन्मल्या. त्यांचे कार्य आम्ही येथे सांगत बसत नाही. शिरवळकरांना ते पाठ आहे. परंतु त्यांच्या आयुष्यातील एका प्रसंगाकडे पुरेसे लक्ष जात नाही. १८५६ साली, पंचविशीत, शाळांचे काम ऐन भरात असताना सावित्रीबाई आजारी पडल्या. त्या पुणे सोडून माहेरी नायगावास येऊन राहिल्या. १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना तेथून पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. आजारपणात भावाने आपली शुश्रूषा केली, आणि प्रकृती पूर्ण सुधारताच आपण पुण्यास परत येऊ, असा त्यातील आशय आहे. आपल्या गैरहजेरीत फातिमाला कामाचा फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असेही त्या लिहितात.

या पत्रात आमच्या विषयाचे सारे सार आले आहे. ज्या बाईने शेणमातीचे गोळे झेलून शाळा चालविल्या, तिला आपल्या कामाचे महत्त्व ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरी ती आजारपण अंगावर काढीत वर्गात उभी राहिली नाही. तिने रजा घेतली आणि पुरती बरी होईतो ती माहेरी राहिली. भावाने तिची सेवा केली, पतीने धीर धरला, मैत्रिणीने कामाचा भार उचलला. यांतले एकही माणूस तिला स्वार्थी म्हणाले नाही. पुढे सावित्रीबाईंनी आणखी चाळीस वर्षे काम केले. १८७६-७७च्या दुष्काळात त्या गावोगाव राबल्या. १८९०मध्ये जोतीराव गेल्यावर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी वाहिली. १८९७च्या प्लेगात, सहासष्टाव्या वर्षी, एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले असे सांगतात, आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. पंचविशीतल्या त्या विश्रांतीमुळेच हे सारे झाले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यागाची मूर्ती म्हणून जिचे आपण पूजन करतो, तिनेसुद्धा वेळेवर विश्रांती घेतली होती, एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आता अडचणींकडे वळू, कारण स्त्रिया स्वतःकडे पाहत नाहीत त्या काही हौसेने नव्हे.

पहिली अडचण वेळेची. भारत सरकारने २०१९ साली लोक आपला वेळ कसा घालवितात याची देशभर पाहणी केली. तीत असे दिसले की दर शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी घरकाम करतात आणि त्यात त्यांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे पाच तास, जातात. शंभर पुरुषांपैकी घरकामाला हात लावणारे २६ निघाले, आणि त्यांची मिनिटे होती ९७. त्यावर नोकरी. त्यातच पंचेचाळिशीच्या सुमारास मुलांची दहावी-बारावी, सासूसासऱ्यांची दुखणी आणि स्वतःची पाळी जाण्याचा त्रास ही तिन्ही एकदम येतात. अशा बाईला ‘रोज अर्धा तास फिरावयास जा’ असे सांगणे सोपे आहे. तो अर्धा तास कोणाच्या पदरातून काढावयाचा, हे कोणी सांगत नाही. आम्ही सांगतो. तो घरातील इतरांच्या पदरातून काढला पाहिजे. सकाळचा चहा मुलाने केला, भाजी नवऱ्याने निवडली, तर आकाश कोसळत नाही.

दुसरी अडचण ताटाची. सर्वांचे जेवण झाल्यावर खाली उरेल ते बाईने खावयाचे, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. तिचे फळ पाहा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. एकाच चुलीवर शिजलेले अन्न आणि रक्तात इतका फरक! यांतला काही भाग पाळी आणि बाळंतपणे यांमुळे जातो, पण काही ताटामुळेही जातो. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅम असावे. आठ-नऊवर चालणारी बाई ‘मला सारखा थकवा येतो’ म्हणते आणि घर तिला आळशी म्हणते. महागड्या टॉनिकाच्या आधी डाळ, उसळ, पालेभाजी आणि तीवर लिंबू हे ताटात येऊ द्यावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये, तो अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. नाचणी तर आपल्या मावळपट्टीची. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना असतो. तिची भाकरी आपण गरिबीची खूण समजून टाकून दिली आणि आता चुन्याच्या गोळ्या विकत आणतो.

तिसरी अडचण लाजेची, आणि हीच सर्वांत घातक आहे. खोकताना-शिंकताना लघवी सुटते, अंग बाहेर आल्यासारखे वाटते, पांढरे जाते, स्तनात गाठ लागते, या गोष्टी बाई नवऱ्यालाही सांगत नाही. पुष्कळ कामाच्या जागी बायकांसाठी धड संडास-मुतारी नसते. म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचे दुखणे ओढवून घेतात. यांपैकी बहुतेक गोष्टींना उपाय आहेत, काहींना तर नुसता व्यायाम पुरतो. एक मात्र पक्के ध्यानात ठेवावे. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा थेंबभरही रक्त दिसले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. ‘पाळी परत आली’ म्हणून गप्प बसू नये.

लाजेची दुसरी बाजू म्हणजे घाई. त्रास असह्य झाला की बाई एकदम म्हणते, पिशवीच काढून टाका. साताऱ्या-सांगलीच्या उसाच्या फडांत बीडकडून ज्या बायका कोयता घेऊन येतात, त्यांची कथा आपणांस माहीत असेल. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली, आणि त्यांत कितीतरी तरुण होत्या. पाळीचा खाडा झाला तर मजुरी बुडते, मुकादमाला दंड द्यावा लागतो, म्हणून ही वाट. गर्भाशयाबरोबर बीजकोषही गेले की तिशीतल्या बाईला रजोनिवृत्ती येते आणि हाडांची झीज कितीतरी वर्षे आधी सुरू होते. या भगिनींना तर सेवानिवृत्ती नाही, पेन्शन नाही. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर आपल्या सर्वांच्या चहात असते. म्हणून शस्त्रक्रिया सांगितली गेली तर दुसऱ्या एका डॉक्टराचे मत घ्यावे, औषधाने भागेल का ते विचारावे, आणि मग ठरवावे. हा आपला हक्क आहे, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आणि मिश्रीविषयी बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही. सकाळी उठून दातांना मिश्री लावल्याशिवाय पुष्कळ बायाबापड्यांचा दिवस उगवत नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे, दंतमंजन नव्हे. तोंडाच्या कर्करोगाची ती एक वाट आहे. घरातील पुरुषाच्या बिडीवर बोलणारे आपण आजीच्या डबीकडे कौतुकाने पाहतो. हे थांबले पाहिजे.

चौथी अडचण पैशाची म्हणतात. ती काही अंशी खरी आहे, परंतु जितकी समजतात तितकी नाही. तिशीवरच्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह, आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी व्हावी, असा सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. सरकारी आरोग्यकेंद्रांतून ती विनामूल्य होते. महाराष्ट्रात २०२२च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम अठरा वर्षांवरील स्त्रियांसाठी निघाली. २०२५च्या सप्टेंबरात ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ ही देशभर झाली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नवे कामगार कायदे लागू झाले, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी करण्याची तरतूदही सरकारने जाहीर केली. येथील कारखान्यांत काम करणाऱ्या भगिनींनी ती आपल्या व्यवस्थापकांकडे नम्रपणे पण ठामपणे मागावी. न मागितलेला हक्क कागदावरच राहतो.

पैशाचे म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यातील म्हसवडच्या बायकांनी १९९७ साली स्वतःची सहकारी बँक काढली, ती माणदेशी महिला बँक. आपली बचत आपल्या नावावर असावी, एवढीच त्यांची साधी मागणी होती. गावोगावच्या बचत गटांनी आणि भिशीमंडळांनी यापुढे एक पाऊल टाकावे. वर्षातून एक महिना ठरवावा आणि गटातील सर्वजणींनी मिळून तपासणीस जावे. एकटी जाण्यास जी बिचकते ती दहाजणींत बिचकत नाही, आणि ‘कुठे निघालीस’ म्हणून कोणी विचारीत नाही.

तपासणी केली की रोग निघतो, म्हणून जाऊच नये, असे म्हणणाऱ्याही भगिनी आहेत. रोग तपासणीने निघत नाही, तो आधीच आत असतो. दिवा लावल्याने साप येत नाही, दिसतो एवढेच.

मग करावयाचे तरी काय? फार नाही. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि वजन पाहावे. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करावी. आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे भरभर चालावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच माप सांगितले आहे. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर पडेल असे काही करावे. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे हाही व्यायामच आहे. घरकाम हाच व्यायाम, ही समजूत सोडावी. ओट्याशी पाच तास उभे राहिल्याने पाय सुजतात, बळकट होत नाहीत. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे. आणि निकालाचे कागद एका पिशवीत, रेशनकार्डाशेजारी, नीट ठेवावेत.

बंधूंना एकच विनंती. या शिरवळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाईने सकाळची वैरण सोडली तर दुपारच्या आत तुम्ही तिला तेथे नेता किंवा डॉक्टरांना गोठ्यात आणता. त्यात तुमचा शहाणपणा आहे, दुधाचा हिशेब आहे आणि मायाही आहे. घरातील बाईने दोन दिवस जेवण टाकले तर तिला किती दिवसांनी नेता, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे. उत्तर येथे मोठ्याने सांगण्याची गरज नाही.

भगिनींनो, आपल्या घरात प्रत्येकाच्या पाठीशी तुम्ही उभ्या असता. तुमच्या पाठीशी कोण उभे आहे, हे शोधण्यासाठी ५८वे वर्ष उजाडण्याची वाट पाहू नका. ज्यांनी पंचेचाळिशी गाठली आहे त्यांनी हा वैशाख संपण्यापूर्वी एक दिवस मुक्रर करावा, घरातील भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या दिवसाभोवती लाल खूण करावी आणि त्या दिवशी जावे. त्या दिवशी पाहुणे आले तर त्यांनाही सांगावे की आज बाईसाहेब घरी नाहीत, त्या आपल्या कामाला गेल्या आहेत.